हरीण नव्हतं

जूनच्या सात तारखेला, साडेआठच्या लख्ख उजेडात,
आमची पिकअप वळणावरच्या तळ्यात
दिव्यांपर्यंत बुडालेली होती
आणि सिग्नी टपावर,
पाय पोटाशी घेऊन. एकाच पायात बूट.
वीस दिवसांनी तिला ॲनापोलिसला हजर व्हायचं होतं.
समुद्र तिनं अजून पाहिलेला नाही.
नॉर्थ डकोटातून तो कुठून दिसणार?

टो-ट्रकवाल्या अर्लोला हसू आवरेना.
म्हणाला, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात,
नेव्हीवालीची चाकं थेट पाण्यात!
मीही हसलो.
हसता हसता तिचे गुडघे बघितले, मनगटं बघितली,
कपाळ बघितलं.
सगळं जागच्या जागी होतं.
मग रागावलो.

बावीस वर्षं शाळेची बस चालवतोय मी.
बर्फात, धुक्यात, मागे चाळीस पोरं कोकलत असताना.
बसवर ओरखडा नाही.
हिला मीच शिकवलं, बीटच्या शेतामागच्या खडीवर:
क्लच सोडताना श्वासही सोडायचा,
आरशात बघायचं,
पण आरशात राहायचं नाही.

यंदा गावाला काय झालंय कळत नाही.
वेस्ट पॉइंटला निघालेला टोबायस
चर्चच्या कुंपणात घुसला, पदवीदानाच्या टोपीसकट.
विमानं उडवायला कोलोरॅडोला चाललेला एमरी
बँकेच्या खिडकीपाशी पुढचा गियर समजून
मागच्या बाईंच्या गाडीवर गेला.
यांचे डोळे तपासलेत, दात मोजलेत,
एका मिनिटात किती जोर मारतात तेही कुठंतरी लिहिलेलं आहे.
दूधवाल्याच्या गाडीला वाट द्यायची असते,
हे मात्र राहून गेलं.

काय झालं, डेप्युटीनं विचारलं.
हरीण, सिग्नी म्हणाली.
त्यानं लिहून घेतलं.
आमच्याकडे हरीण चालतं.
विमा कंपनी हरणाला उलट प्रश्न विचारत नाही.
हरणापुढे कुणाचीच चूक नसते.

रात्री तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर
अकादमीचा कागद पसरला.
'यानंतर काही घडले असल्यास कळवावे.'
खाली दोन ओळींची जागा.
तिनं लिहिलं, हरीण.
खोडलं.
लिहिलं, कासव रस्ता ओलांडत होतं.
मी भांडी पुसत मागून वाचत होतो.
मला कासव आवडलं.
त्या दिवसांत ती येतातच वर, अंडी घालायला.
कासवासाठी तळ्यात गेलेली मुलगी!
नौदलाला आणखी काय हवं?
तिनं कासवही खोडलं.

सिग्नी, मी म्हटलं, कासव राहू दे.
हरणाचे पैसे विमा देतो, कासवाचे मी देईन.

ती म्हणाली, रस्ता रिकामा होता, बाबा.
मी आरशात बघत होते.
वळणापर्यंत घर दिसतं ना,
धान्याच्या कोठीच्या डावीकडे,
ते किती वेळ दिसत राहतं, ते बघत होते.

मी तीच बशी पुन्हा पुसली.

सकाळी तिनं डेप्युटीला फोन केला.
ऐंशी डॉलर दंड, विम्याचा हप्ता वाढला तो वेगळाच.
आणि डेप्युटी मला दुकानात भेटला तेव्हा म्हणाला,
लेका, मी तर हरणाचं शिंगसुद्धा लिहिलं होतं!

सत्तावीसला पहाटे फार्गोच्या विमानतळाकडे निघालो.
अर्लोनं पिकअप सुकवून दिली होती,
पण हीटर लावला की अजून तळ्याचा वास येई.
किल्ली तिनं मागितली नाही.
मीच तिच्या हातात दिली.
फाटकाबाहेर पडल्यावर हात लांबवून
मधला आरसा छताकडे वळवला.
ती काही बोलली नाही.
दोन्ही हात चाकावर, नजर समोर,
वळण असं घेतलं की कपातली कॉफी हलली नाही.

माझ्या बाजूचा आरसा तसाच होता.
मी मोजलं.
अकरा सेकंद.